मालकाच्या रकान्यातलं नाव

१

परत यायचं ठरलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे एक इमारत होती. काचेची, उंच, आत दीडशे-दोनशे माणसं, भिंतींवर मोठे पडदे आणि त्यांवर सतत हलणारे आकडे. एवढं मोठं भांडार चालवायचं म्हणजे तेवढा पसारा हवाच. जगभरातले प्रोग्रामर आपण लिहिलेल्या कोडचे छोटे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेजेस, त्या भांडारात आणून ठेवायचे. ज्याला लागेल त्याने उचलावं, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावं, कुणाला विचारायची गरज नाही. लिफ्टपासून दवाखान्यापर्यंत कुठे काय बसलंय याचा थांग लागू नये, इतकं ते सगळीकडे पोचलेलं. सात वर्षं परदेशात शिकताना तिने प्रबंध लिहिला तोही याच भांडारावर. अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी उभं केलेलं एवढं मोठं दुसरं काही नाही, असं ती तावातावाने सांगायची. तिकडची नोकरी नाकारून ती परत आली, ती त्याच तावात.

सापडलं ते असं: चष्म्याच्या दुकानावरचा तिसरा मजला. तीन खोल्या, आणि मागे एक चौथी, जुनं सामान टाकायची. चार टेबलं, त्यातली दोन डुगडुगणारी. माणसं तिला धरून तीन.

एक काका. भांडार सुरू करणाऱ्या पाच जणांतले उरलेले एकटे. स्वेटर, गळ्यात चष्म्याची दोरी, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. दुसरा तारमास्तर. सर्व्हर, केबल, वीज, नळ, सगळं त्याच्या गळ्यात. त्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'विलायती' ठेवलं.

"काचेची इमारत कुठे आहे?" तिने हसत विचारलं.

"खाली आहे की," तारमास्तर म्हणाला. "चष्म्याचं दुकान. सगळी काचच."

२

तिच्याकडे मालकीचं काम आलं. प्रत्येक पॅकेजपुढे एक रकाना असे: मालक. मालक म्हणजे त्या कोडची काळजी घेणारा. कुणी चूक दाखवली तर ती दुरुस्त करणारा, कुणी मदत मागितली तर ओ देणारा. पण माणसं आयुष्यात गुंततात, आजारी पडतात, मरतात. रकान्यातलं नाव मात्र जागच्या जागी राहतं. निम्मे मालक नुसते नावाचे उरले होते, हे तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं आणि ती पेटून उठली.

नियम होताच, कुणी पाळत नव्हतं इतकंच. मालकाला पंधरा पंधरा दिवसांनी तीन पत्रं पाठवायची: 'या पॅकेजची काळजी आपण अजून घेता का? घेत असल्यास कळवा.' तिसऱ्या पत्राची मुदत संपेपर्यंत उत्तर आलं नाही, तर मालकी काढून घ्यायची. तिने मालकांची अख्खी यादी एका दमात निवडली आणि सगळ्यांना पहिलं पत्र धाडलं.

अर्ध्या तासात उत्तरं यायला लागली. सगळी एकाच माणसाची, 'विश्वस्त' या नावाने. दोन हजार एकशे चौदा पॅकेजेस त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि प्रत्येकासाठी त्याने वेगळं उत्तर पाठवलं होतं. मजकूर तोच: 'हो. मी आहे.'

तिला भरून आलं. असली माणसं असतात म्हणून तर हे जग चालतं.

चहाच्या वेळी तिने सांगितलं, "काका, या विश्वस्तांना एकदा बोलवूया का? दोन हजार पॅकेजेस सांभाळतात, आणि उत्तर द्यायला अर्धा तासही नाही लागला."

काकांनी कप खाली ठेवला. बशीबाहेर, टेबलावर.

"विश्वस्ताचं उत्तर आलं?"

"दोन हजार एकशे चौदा आली."

"अगं, तो कुणी नाहीये," काका म्हणाले. तिला पुढे वाकावं लागलं. "मालकाचा रकाना रिकामा ठेवलेला सिस्टिमला चालत नाही. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही एक नाव तयार केलं. ज्याचा मालक सापडत नाही, ते त्याच्या नावावर टाकायचं. नुसतं नाव आहे ते. त्याला पासवर्डसुद्धा दिलेला नाही. तू त्यालाही पत्र पाठवलंस?"

"मी सगळ्यांना पाठवलं."

"त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं," काका म्हणाले, आणि त्यांनी कप उचलून बशीत ठेवला.

३

संशय अर्थातच तारमास्तरवर गेला. दुसरं होतं कोण?

"मी?" तो म्हणाला. "बाई, मला घरून भाजीचा मेसेज आला तरी उत्तर द्यायचा कंटाळा. दोन हजार मेल मी लिहीन?"

"एक छोटा प्रोग्राम लिहिला की होतं काम."

"तुला लिहिता येतो. मला केबल ओढता येते." त्याला राग आला होता हे उघड दिसत होतं. तो उठला आणि त्याने तिच्यासमोरच सर्व्हरची नोंद उघडली. उत्तरं कुठून आली ते त्यात लिहिलेलं होतं. त्याने एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"सात नंबर," तो म्हणाला.

सात नंबर म्हणजे मागच्या खोलीतलं भिंतीवरचं नेटवर्कचं सॉकेट. दोघं तिकडे गेले. खोली लांबट होती, दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, त्यांवर बंद पडलेले सर्व्हर, गुंडाळलेल्या केबल, माना मोडलेले मॉनिटर. टोकाला, शेवटच्या रॅकच्या आड, एक टेबल आणि खुर्ची. सॉकेट टेबलाच्या वर. त्यात काहीच खुपसलेलं नव्हतं.

त्याच्या कडेचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता.

"लाइन खराब असेल," तारमास्तर म्हणाला. "जुन्या वायरिंगमध्ये होतं असं." पण त्याने सॉकेटला हात लावला नाही. एरवी दिसेल तिथे बोट घालणारा माणूस.

टेबलावर बोटभर धूळ होती. रॅकवर होती, जमिनीवर होती. खुर्चीच्या बैठकीवर नव्हती. तिला ते दिसलं, आणि त्यालाही दिसलं असावं, कारण बाहेर पडताना तो तिच्या आधी बाहेर पडला.

खोटं बोलणारा माणूस इतका घाईत असतो का, याचा विचार ती संध्याकाळपर्यंत करत राहिली. उत्तर दोन्हीकडे झुकत होतं.

४

मग काम व्हायला लागलं.

विश्वस्ताच्या नावावरच्या पॅकेजेसवर आठ-आठ वर्षांच्या तक्रारी पडून होत्या. त्या एकेक करून निकालात निघू लागल्या. दुरुस्त्या नेटक्या, बिनचूक. आभाराची पत्रं येऊ लागली. दुपारी, ती डबा खात असताना, मागच्या भिंतीपलीकडून टाइप केल्याचा आवाज यायचा. घाईचा नाही. एकसारखा, कामाची सवय असलेल्या हाताचा. ती खाणं थांबवायची तेव्हा तोही थांबायचा. घास घेतला की पुन्हा सुरू. पाइपातलं पाणी असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग ती बाहेर जाऊन बाकावर जेवायला लागली.

"काका, हे बंद करायला हवं," तिने सांगितलं.

"का? काम वाईट होतंय?"

"कोण करतंय तेच माहीत नाही."

"अठरा वर्षांत या दोन हजारांना कुणी हात लावला नव्हता," काका हळूच म्हणाले. "मी लावला नाही. मला जमलंच नसतं. रात्र रात्र त्याची टोचणी असायची मला. आता कुणीतरी बघतंय. तू मला सांगतेस ते बंद कर?"

त्या क्षणी तिला काकांचा संशय आला. पण त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. सुटका झालेल्या माणसाचा सैलपणा होता, आणि तो लबाडीपेक्षा वाईट वाटला.

तिने दुरुस्त्या वाचायला घेतल्या. ओळ न् ओळ. चौथ्या दिवशी तिला सापडलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पॅकेजमध्ये एक पायरी जास्तीची होती. आपलं काम सुरू करण्याआधी ते पॅकेज एक प्रश्न विचारायचं: 'कुणी आहे का?' आणि थांबायचं. उत्तर आलं नाही की पुढे जायचं. जेमतेम एका श्वासाएवढं थांबणं. पुढच्या आठवड्यातल्या दुरुस्त्यांमध्ये ते थोडं वाढलं होतं. त्यापुढच्या आठवड्यात आणखी.

त्या संध्याकाळी ती लिफ्टने खाली आली. लिफ्ट तळमजल्यावर थांबली. दार उघडलं नाही. तिने बटणाकडे हात नेला, तोवर ते उघडलं. बाहेर पार्किंगचा दांडा वर जायला थबकला, आणि गाडीतला माणूस खिडकीतून डोकं काढून बघू लागला. रस्त्याच्या कोपऱ्यावर चारही बाजूंचे सिग्नल एकदम लाल झाले. सगळे उभे. कुणी हॉर्न वाजवला नाही. मग एक हिरवा झाला, आणि जो तो आपापल्या वाटेने निघून गेला.

५

सहा आठवडे भरत आले. उद्या सकाळी दहाला तिसऱ्या पत्राची मुदत संपणार होती. ज्यांची उत्तरं आली नाहीत, त्यांची पॅकेजेस कुणाकडे जाणार हे सांगायला नको. सिस्टिम ते आपसूक करणार होती. तिने यादी चाळली, आणि मधेच तिचं बोट थांबलं.

पॅकेजचं नाव 'थेंब'. मालक 'गणिताच्या बाई'.

ती तिची आत्या. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून, निवृत्तीनंतर हौसेने प्रोग्रामिंग शिकलेली. सलाइनच्या पंपाने मिनिटाला किती थेंब सोडायचे त्याचा हिशेब 'थेंब' करायचं. त्रेचाळीस हॉस्पिटलांनी ते आपल्या पंपांमध्ये बसवलं होतं. थेंबाथेंबागणिक ते चालायचं. विश्वस्ताकडे गेलं की प्रत्येक थेंबाआधी ते कुणी आहे का म्हणून विचारणार, थांबणार, आणि ते थांबणं दर आठवड्याला वाढत जाणार, हे मनात येताच तिने खुर्ची मागे सारली.

आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. गेल्या वर्षी झटका येऊन तिची उजवी बाजू गेली होती. बोलणं परत आलं होतं, पण सावकाश, एकेक शब्द जिना चढून आल्यासारखा.

"तुझी पत्रं आली," आत्या म्हणाली. "तीनही वाचली. सरकारी वाटतात."

"मग उत्तर का नाही दिलंस गं? नुसतं 'हो' लिहायचं होतं."

"काय हो? काळजी घेते म्हणून?" आत्याने डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर नीट ठेवला. "आकडे डोळ्यांपुढे पळतात आता. चार ओळी वाचल्या की पहिली विसरते. उद्या कुणी सांगितलं, बाई, तुमच्या हिशेबात चूक आहे, तर मी काय करणार? खोटं कसं लिहू?"

"सगळेच लिहितात."

"वर्गातली सगळी पोरंही तेच सांगायची."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने विश्वस्ताचं सगळं सांगितलं. आत्याने मधे एकदाही वेडी आहेस का म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"मी नोकरी सोडते," ती म्हणाली. "ऑफिसातल्या माणसाला मालक होता येत नाही. नोकरी सोडली की 'थेंब' माझ्या नावावर."

"घे. आणि तुझ्यानंतर?"

तिने आत्याच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"तू आजारी पडलीस, गुंतलीस, कंटाळलीस. मग कुणाकडे जाणार ते?"

"त्याच्याचकडे."

"म्हणजे आज नाहीतर वीस वर्षांनी," आत्या म्हणाली. "तो काय, वाट बघेल. त्याला दुसरं काय काम आहे?"

६

निदान मुदत तरी वाढवावी, म्हणून ती परत ऑफिसात गेली. सहा वाजले होते, बाहेर अजून उजेड होता. काका आणि तारमास्तर दोघंही गेलेले. तिने स्वतःच्या टेबलावर बसून 'थेंब'ची तारीख बदलली. पडद्यावर उमटलं: 'मुदत बदलण्याचा अधिकार आपल्याकडे नाही.' कालपर्यंत होता. अधिकारांच्या यादीत तिच्या नावाच्या वर आता एक नाव होतं. ते तिथे कुणी घातलं, त्या नोंदीतही तेच नाव.

मागे टाइप करण्याचा आवाज सुरू होता.

ती उठली. तारमास्तर घरी गेलाय, असं मी गृहीत धरलंय, ती मनाशी म्हणाली. प्रत्यक्ष पाहिलं नाहीये. तो तिथे बसलेला असेल, आणि मी त्याला रंगेहाथ पकडेन, आणि सगळं एकदाचं साधं होईल. त्या आशेनेच तिने दार ढकललं.

खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. रॅकच्या सावल्या जमिनीवर पडल्या होत्या. शेवटच्या रॅकच्या आडून एक कोपर दिसत होतं. तेवढंच. राखाडी बाही, आत वाकलेलं कोपर, टाइप करताना हलतं तसं जरा पुढे, जरा मागे. दमलेल्या माणसाचं कोपर होतं ते. अठरा वर्षं एकाच जागी बसलेल्या माणसाचं असेल तसं. टेबलावर कीबोर्ड नव्हता, हे तिला माहीत होतं. रॅकपलीकडे धड असेल का, मान असेल का, हा विचार तिने अर्ध्यावर तोडला.

"कोण आहे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आवाज थांबला. कोपर होतं तिथेच राहिलं. एक श्वास. दुसरा. तिसरा.

तिच्या हातातला फोन थरथरला. मेल आला होता. 'मी. आपण विचारलंत ना.'

खाली आणखी एक ओळ: 'आपणही आहात ना?'

खुर्ची करकरली. बसलेलं माणूस उठताना करकरते तशी. ती वळली आणि चालू लागली. धावली नाही, कारण धावलं तर ते खरं ठरलं असतं. तीन मजले ती पायऱ्यांनी उतरली. चष्म्याच्या दुकानातला माणूस काच पुसत होता. त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या जिन्याकडे, आणि बघतच राहिला. ती मागे वळली नाही.

मेलला तिने उत्तर दिलं नाही. पण रात्रभर तो प्रश्न तिच्यासमोर तसाच उघडा होता, आणि 'हो' म्हणायला आपल्याला किती सोपं वाटतंय याचीच तिला जास्त भीती वाटली.

७

सकाळी साडेनऊला ती आत्याच्या पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन बसली. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं.

तिसऱ्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक तिसरा पर्याय होता. 'मी काळजी घेत नाही. हे पॅकेज भांडारातून काढून टाकावे.' आजवर तो कुणी वापरला नव्हता, आणि वापरला तरी ऑफिसने मान्य करायचा नाही असा रिवाज होता. मान्यतेचं बटण मात्र अजून तिच्याच हातात होतं. बहुधा कुणी ते वापरेल, असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

नऊ पन्नासला काकांचा फोन आला. तिने त्यांना आधीच कळवलं होतं.

"ठेवलेली वस्तू आपण काढत नाही," काका म्हणाले. आज त्यांचा आवाज पुरेसा मोठा होता. "एकही नाही, अठरा वर्षांत. लोक त्या भरवशावर आहेत. तूच तुझ्या प्रबंधात लिहिलंयस."

"लिहिलंय, काका."

"बसवलेले पंप चालतील. पण नवा पंप लावताना त्यांना ते सापडणार नाही. काय सांगणार तू त्यांना?"

"मी स्वतः देईन. त्रेचाळीस हॉस्पिटलं आहेत. प्रत्येक ठिकाणी पंपांची जबाबदारी असलेलं एक माणूस असेल. त्याच्या हातात देईन, त्याला समजावून सांगेन, आणि हे आता तुमचं आहे, असं त्याच्याकडून लिहून घेईन."

"आणि बाकीची दोन हजार?"

नोकरी सोडून दोन हजारांवर आपलं नाव लिहिणं तिला एका मिनिटात जमलं असतं. दोन हजार खोटी 'हो'. "ती मला वाचता येणार नाहीत, काका," ती म्हणाली. "हे येतं."

"मग उद्यापासून तू इथे नसशील."

"नाही."

काकांनी विचारलं, "काल तू आत गेली होतीस का?" तिने उत्तर द्यायच्या आत त्यांनीच फोन ठेवला.

आत्याने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. तिने ते धरलं नाही. आत्याने स्वतःच पर्याय निवडला आणि पाठवलं. नऊ चोपन्नला ते तिच्या पडद्यावर आलं. तिने मान्यता दिली. पडदा थांबला. एक श्वास, दोन, तीन, चार. मग यादी पुन्हा उघडली, आणि तिच्यात 'थेंब' नव्हतं.

"झालं?" आत्याने विचारलं.

"सुरू झालं," ती म्हणाली, आणि तिने पहिल्या हॉस्पिटलचा नंबर लावला. पलीकडे फोन उचलला गेला. बराच वेळ तिकडून आवाज आला नाही. नुसतं कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं. तिने ते कोण आहे हे विचारलं नाही. आपलं पूर्ण नाव सांगितलं, कुठून बोलतेय ते सांगितलं, आणि पंपांचं काम बघणाऱ्या माणसाला फोनवर बोलवा, नावानिशी बोलवा, मी थांबते, असं सांगून ती पेन उघडून बसली.